आपलं पीकिंग प्लांट गाळ्यामागेच होतं

नाशिकमध्ये वीज म्हटलं की एकलहरेच्या चिमण्या डोळ्यासमोर येतात. १९७०-७१ चे १४० मेगावॅटचे दोन संच, मग १९७९ ते ८१ मध्ये २१० चे तीन. पण संध्याकाळी सहा ते दहा विजेची मागणी एकदम चढते (तिला ‘पीक’ म्हणतात), तेवढ्यापुरती ती भागवायला असला कोळशाचा संच कामाचा नाही, थंड बॉयलर पेटवायचा तर आधी तेलाचे बर्नर लावा, मग तासन्‌तास वाट बघा. त्याला लागतो पीकिंग प्लांट, म्हणजे पीकपुरतं झटकन चालू होणारं वीजकेंद्र. ते काम आपल्याकडे कोयनेचं पाणी करायचं. केरळात त्यासाठी नव्वदच्या दशकाअखेर ब्रह्मपुरमला डिझेलवरचं वीजकेंद्रच उभं केलं.

आपल्याकडे २००१ ला दाभोळचं वीजकेंद्र बंद पडलं, मागणी वाढतच गेली, २००५ ला वीज बोर्डाच्या कंपन्या झाल्या (आम्ही अजून एमएसईबीच म्हणतो) आणि लोडशेडिंग तासांवर गेलं. २००६ मध्ये पुण्यात डोकं लढवलं, कारखान्यांनी पीकला आपापले डीजी (डिझेल जनरेटर) चालवायचे, वाचलेली वीज शहराला, जादा खर्च शहराच्या बिलात. म्हणजे गाळ्यामागचा जनरेटर सरळ पीकिंग प्लांट झाला की! आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत असं काही ठरवून नव्हतं, लाइट गेली की जो तो आपला सुरू करायचा.

आता धुराचं. एक लिटर डिझेलला साधारण तीन-साडेतीन युनिट मिळतात आणि २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे युनिटमागे कोळशापेक्षा कमीच, हे सांगितलं की लोक चमकतात. खरी गोम उंचीत आहे. डीजीच्या पाइपचा नियम असा: इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या (सेटची क्षमता) वर्गमुळाच्या ०.२ पट, म्हणजे १०० केव्हीएला छपरावर फक्त दोन मीटर. एकलहरेचा धूर वर तरी जातो, आमचा मागच्या गच्चीवर जायचा. सेट चालू होताना काळा भपकारा सुटायचा तो थेट शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर, मग काकू खाली येऊन जे बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आवाज आणि धुराचे नियम २००२ ला निघाले, म्हणून सेटभोवती ते आवाज दाबणारे डबे आले. २०१४ ला पुढचे, आणि जुलै २०२३ पासून केंद्रीय प्रदूषण मंडळाचे ‘सीपीसीबी ४ प्लस’, त्यात मधल्या साइजच्या सेटला काजळीची मर्यादा युनिटला ०.२ ग्रॅमवरून ०.०२ वर. पण हे नव्या इंजिनाला, जुनं बनलं तेव्हाच्या नियमावर चालतं. आमचा सेट सेकंडहँडमध्ये गेला, आता गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्नसराईत रोज संध्याकाळी धडधडतो.