प्राध्यापक निवड

विद्यापीठाच्या अधिविभागांत अध्यापकांची पदे भरताना उमेदवारांची पात्रता, संशोधन आणि शिकवण्याची तयारी जोखण्याची पद्धत. बोलण्यात कॉलेजात शिकवणारे सगळेच 'प्राध्यापक'. सेवेत मात्र सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशा तीन पायऱ्या असून या नोंदीचा भर शेवटच्या पायरीवर आणि उदाहरण म्हणून सोलापूरच्या विद्यापीठावर आहे.

सोलापूरचे विद्यापीठ २००४ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळे झाले. एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. राज्यातील इतर सार्वजनिक विद्यापीठांप्रमाणे येथेही विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम पायाभूत आहेत. जाहिरात निघण्याआधी पदांना शासनाची मान्यता लागते आणि बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांचा क्रम दाखवणारा तक्ता, तपासून घ्यावी लागते.

प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., किमान १० वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध आणि १२० संशोधन गुण लागतात. गुणांचा हिशेब बारकाईने केलेला आहे. तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातील एका निबंधाला विज्ञानशाखांत ८, तर भाषा व मानव्यविद्यांत १० गुण मिळतात. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्यातले ७० टक्के. पदवी मिळालेल्या प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाला १० गुण. नुसत्या निबंधांवर भागत नाही. संशोधनकार्याच्या सहा प्रकारांपैकी किमान तीन प्रकारांतून गुण यावे लागतात.

सहायक प्राध्यापकाच्या प्राथमिक छाननीचा तक्ता वेगळा. १०० पैकी ३० गुण एकट्या पीएच.डी.ला आहेत, अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ या दराने जास्तीत जास्त १०. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबलेल्यांना हे प्रमाण टोचते, आणि हे टोचणे रास्तच आहे. मात्र हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरतेच असून विनियमांनुसार अंतिम निवड मुलाखतीवर ठरते.

निवड समितीचे अध्यक्ष कुलगुरू असतात. कुलपतींचा प्रतिनिधी, तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख हे इतर प्रमुख सदस्य. बैठकीला किमान चार सदस्य हवेत, त्यांत दोन बाहेरचे तज्ज्ञ असलेच पाहिजेत. ही अट मोलाची आहे, कारण विषयाची खोली विषयातल्याच माणसाला कळते.

गुणांत न मावणारी गोष्ट म्हणजे वर्गातले शिकवणे. सोलापूरच्या वर्गात मराठीबरोबर घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले बसतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातून विद्यापीठात आलेली पहिलीच पिढी असते. अवघड संकल्पना त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे कसब शोधनिबंधांच्या यादीवरून कळत नाही. विनियमांनी त्यासाठी वाट ठेवली आहे: मुलाखतीच्या टप्प्यावर उमेदवाराला वर्गातल्यासारखे व्याख्यान द्यायला लावता येते. ते सक्तीचे नाही. पण जिथे ते घेतले जाते तिथे फळ्यासमोरची दहा मिनिटे जाडजूड फाइलीपेक्षा जास्त सांगून जातात.