अद्भुत कादंबरी जुळणीला देताय? भुतांच्या नावांचा तक्ता सोबत आणा

अप्पा बळवंत चौकाजवळच्या आमच्या छोट्या केंद्रात अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनासाठी येणाऱ्या अद्भुत कादंबऱ्या अलीकडे वाढल्या आहेत, आणि त्याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. हस्तलिखित हातात घेताना आम्ही पहिल्यांदा विचारतो, "नावांचा तक्ता आणलात का?" बरेच लेखक बुचकळ्यात पडतात, काहींना तो आमचा हट्ट वाटतो. म्हणून हे पत्रक.

नाव सुचणे हे तुमचे काम, त्यात आम्ही पडत नाही. अडचण येते ती नाव वाक्यात शिरल्यावर. खवीस येतो, पण मानगूट धरली जाते ती खविसाने. 'वी'चा 'वि' झाला. मुंजा पिंपळावर असतो, पिंपळ मात्र मुंज्याचा. हडळ एक, हडळी अनेक. हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलेले असल्यामुळे चुकत नाहीत. नवे नाव घडवलेत की त्याची ही सगळी रूपेही तुम्हालाच घडवावी लागतात. 'झुरखा' ही प्राण्यांची जात असेल तर 'झुरख्याने', आणि एकाच प्राण्याचे विशेषनाम असेल तर 'झुरखाने', जसे आपण 'विठोबाने' म्हणतो. एका पानावर दोन्ही आली की लेखकाच्या मनात काय होते ते आम्ही कसे ओळखावे?

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जुळणी झाल्यावर नाव बदलल्याने. "संगणकावर एका फटक्यात बदलता येईल ना?" हा प्रश्न आम्ही नेहमी ऐकतो. एका कादंबरीतल्या 'घुरीस'चे लेखकाने दुसऱ्या मुद्रिताच्या (प्रूफच्या) वेळी 'धुमरी' केले. संगणकाने 'घुरीस' तेवढे बदलले. 'घुरिसाने', 'घुरिसाची' जागच्या जागी राहिले. त्यात पुल्लिंगाचे स्त्रीलिंग झालेले. 'काळा घुरीस झेपावला'चे 'काळी धुमरी झेपावली' करायचे म्हणजे विशेषण आणि क्रियापदही बदलायचे, आणि ते डोळ्यांनी वाचूनच होते. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचावे लागले. आखूड नावांचा धोका वेगळाच. 'रव'चे 'धूम' करायला जावे तर 'गौरव'चा 'गौधूम' होतो आणि 'परवा'चे 'पधूमा'.

म्हणूनच पहिल्या मुद्रितानंतर नाव बदलल्यास आम्ही वेगळा आकार घेतो. तो दंड नाही, पुन्हा केलेल्या वाचनाची मजुरी आहे.

तक्ता एका पानात मावतो. प्रत्येक नावापुढे तो, ती की ते, जात की विशेषनाम, अनेकवचन, आणि 'ने' व 'चा' लावून होणारे रूप. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द असेल तर तशी खूण करा, कारण 'निशीथ'चे 'निशीथाने' होते, तिथे 'शी' दीर्घच राहतो. परकी नावे घेतलीत तर 'ड्रॅगनने' की 'ड्रॅगनाने' ते एकदाच ठरवा. मग प्रत्येक नाव मोठ्याने म्हणून पाहा, आणि हाकही मारून पाहा. घाबरलेला नायक ज्याला धड हाक मारू शकत नाही असे नाव तिसऱ्या प्रकरणात लेखकालाच नकोसे होते, असा आमचा अनुभव आहे.

लोकपरंपरेतली नावे जरूर वापरा, फक्त ती कुणाची आहेत हे बघून. कथेत वेताळ भुतांचा राजा असला, तरी वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला तोच वेतोबा आहे आणि भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. साती आसरांना आजही विहिरीवर नैवेद्य दाखवतात. त्यांना खलनायक करण्याआधी थोडा विचार व्हावा, असे आम्हाला वाटते.

तक्ता जमत नसेल तर पहिले प्रकरण घेऊन या. मुद्रितशोधनाचे काम आमच्याकडे देणार असाल तर आम्ही तुमच्याबरोबर बसून तो करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. येण्याआधी फोन करा, म्हणजे निवांत बसता येईल.