सारणी: खाली वाचायची की आडवी?

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी रिक्षाच्या भाड्याची सारणी फळ्यावर मांडते. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला दर घेते: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. डाव्या रकान्यात अंतर १.५, २.५, ३.५, ४.५, उजव्या रकान्यात भाडं २५, ४२, ५९, ७६. "पुढचं किती?" म्हटलं की अर्धा वर्ग एका दमात "त्र्याण्णव!" म्हणतो. मग मी विचारते, साडेएकवीस किलोमीटर गेलं तर? वर्ग शांत होतो आणि वह्यांत बेरजा सुरू होतात. सतरा, आणखी सतरा, आणखी सतरा.

मुलं सारणी वरून खाली वाचतात. पुस्तकाला ती आडवी वाचलेली हवी असते: डावीकडची संख्या दिली की उजवीकडची थेट सांगणारा नियम हवा असतो. शिक्षकांच्या गप्पांत याला मुलांचा कच्चेपणा म्हटलं जातं. मला ते कधीच पटलेलं नाही. दोन्ही वाटा फार जुन्या आहेत, आणि वरून खाली उतरणाऱ्यांत खुद्द आर्यभट आहे.

सुरुवात घरापासून करते. आपल्याकडे मूल पहिली सारणी तोंडाने शिकतं, ती पाढ्यांची. पंतोजींच्या काळात साध्या पाढ्यांपुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असायची. औट म्हणजे साडेतीन. एक औटे औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा. आजच्या भाषेत औटकी म्हणजे "य बरोबर साडेतीन क्ष" या नियमाची सारणीच, पण मूल ती चालीवर म्हणताना प्रत्येक पायरीला साडेतीन मिळवत खाली येत असे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तोवर बाजारात पावलोपावली हे पाढे लागत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि उजळणीतून पावकी-औटकी हळूहळू गळाली. माझी आजी मंडईत भाजीवाल्याच्या आधी दिडकी लावून हिशोब सांगायची, ते मी लहानपणी ऐकलेलं आहे.

पाठ्यपुस्तकात रोज भेटणारा "सारणी" हा शब्दही ज्योतिषगणिताच्या वापरातला. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला आणि पुढे 'तिथिचिंतामणी'त पंचांग करण्यासाठी तयार सारण्या दिल्या. पंचांग करणाऱ्याने प्रत्येक वेळी मुळापासून गणित करत बसू नये, आकडा शोधावा आणि फळ उचलावं, ही त्यामागची सोय. तीच परंपरा पुण्यात नव्या वेधांवर बसवली ती केरो लक्ष्मण छत्रे यांनी. केरूनाना इथे गणित शिकवत. टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० साली त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध झाली. युरोपीय वेधांवर आधारलेली ही कोष्टकं मराठीत होती, आणि पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे या पुढच्या सगळ्या चळवळीला त्यांचा आधार मिळाला. आमच्या शाळेत कोष्टक म्हटलं की मुलांना मोजमापांची यादी आठवते. ग्रह नेमका कुठे असेल हेही एकेकाळी कोष्टकातच बघत, हे सांगितलं की मुलं कान टवकारतात.

आता आर्यभट. इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने 'ज्या'ची (कोनानुसार बदलणाऱ्या लांबीची, आजच्या साइनची) सारणी एका श्लोकात बसवली: मखि, भखि, फखि, धखि, णखि... अक्षरांना त्याने संख्या नेमून दिल्या होत्या. म म्हणजे २५, ख म्हणजे २, आणि खला लागलेला इकार त्याला शंभरपट करतो. म्हणून मखि म्हणजे २२५. भखि २२४, फखि २२२, धखि २१९. अशा चोवीस संख्या. पण या संख्या म्हणजे ज्या नव्हेत! हे लागोपाठच्या ज्यांमधले फरक आहेत. दर पावणेचार अंशांना ज्या कितीने वाढते तेवढंच आर्यभट सांगतो. ज्या हवी असेल तर फरक मिळवत खाली यायचं. २२५, मग ४४९, मग ६७१, ८९०, ११०५, १३१५, १५२०, आणि आठव्या पायरीला १७१९. आठ वेळा पावणेचार म्हणजे तीस अंश. त्रिज्या त्याने ३४३८ धरली आहे, आणि तिचा निम्मा बरोबर १७१९. तीस अंशांची साइन अर्धी असते हे पुढे नववी-दहावीत शिकायचं असतं. माझ्या सातवीच्या मुलांनी फक्त बेरजा करत ते गाठलं, तेव्हा एका मुलाने वहीत त्या आकड्याभोवती तीनदा गोल काढला.

फरकांची ही रीत पुढे कधीच संपली नाही. ब्रह्मगुप्ताने ६६५ मधल्या 'खंडखाद्यका'त दोन ओळींच्या मधली किंमत काढताना फरकांचेही फरक वापरले. १८२२ मध्ये चार्ल्स बॅबेजने इंग्लंडमध्ये जे यंत्र मांडलं, तेही फरक मिळवत सारण्या छापणारंच होतं. तेव्हा सतरा-सतरा मिळवणाऱ्या मुलाला "असं नाही करायचं" म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

आडवी वाट दुसरीकडून येते. चार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या लेखनिकांनी मातीच्या पाट्यांवर व्यस्तांकांच्या सारण्या कोरल्या: २ समोर ३०, ३ समोर २०, ४ समोर १५, ५ समोर १२. प्रत्येक ओळीत गुणाकार ६०. सातची ओळ नाही, कारण साठाच्या पद्धतीत साताचा भागाकार संपत नाही. ही सारणी खाली वाचून फारसं काही हाती लागत नाही, ती आडवीच वाचावी लागते. आपल्याकडे याच वाटेला त्रैराशिक म्हणत. प्रमाण, फल, इच्छा: या तिघांवरून इच्छाफल. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) केशराचं उदाहरण आहे: तीन सप्तमांश निष्कांना (निष्क हे नाणं) अडीच पल (पल हे वजन) केशर मिळतं, तर नऊ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पल. दोन ओळींची सारणी, दुसऱ्या ओळीतला एक चौकोन रिकामा. आजच्या स्वाध्यायात "सारणी पूर्ण करा" म्हणून जे येतं, ते हेच. आणि ज्याला आपण आज फलन (इंग्रजीत फंक्शन) म्हणतो, त्याच्या पोटात ते जुनं "फल" बसलेलं आहे.

फलनाचा आधुनिक अर्थ मात्र उशिरा आला. लाइबनिट्सने सतराव्या शतकाच्या शेवटी हा शब्द वक्रांच्या संदर्भात वापरला. ऑइलरने १७४८ मध्ये फलन म्हणजे चल आणि स्थिरांक मिळून झालेली राशी, असं सांगितलं. म्हणजे सूत्र असायलाच हवं. १७५५ मध्ये त्यानेच ती व्याख्या सैल केली: एक राशी बदलली की दुसरी बदलते, एवढं पुरे. आणि १८३७ मध्ये डिरिक्लेने सूत्राची अटच काढून टाकली. डावीकडच्या प्रत्येक किमतीला उजवीकडे एक आणि एकच किंमत असली, की झालं. शिकवताना मला हे वळण सगळ्यात मोलाचं वाटतं. शिवाजीनगरला हवामान खात्याचं जुनं कार्यालय आहे, पुणेकर ज्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं म्हणून. जून महिन्याच्या तारखा एका रकान्यात आणि त्या दिवशी शिवाजीनगरला पडलेला पाऊस दुसऱ्यात लिहा. खाली वाचा, आडवं वाचा, नियम सापडत नाही. तरी ते फलन आहे. सारणी हीच त्याची संपूर्ण ओळख.

शाळेत फलन यावं हा आग्रह विसाव्या शतकाचा. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये मेरान इथे जर्मन शाळांसाठी जो अभ्यासक्रम मांडला गेला, त्यात फलनाच्या अंगाने विचार करण्याची सवय हा गणित शिकवण्याचा गाभा ठरवला होता. अमेरिकेत १९२३ च्या राष्ट्रीय समितीच्या अहवालात तोच सूर होता. मग १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला, मागे पडू नये म्हणून अमेरिकेच्या शाळांत घाईघाईने नवगणित (गणिताचा नवा अभ्यासक्रम) आलं, आणि त्या गदारोळात रॉबर्ट डेव्हिस यांच्या मॅडिसन प्रकल्पातून एक साधा खेळ उरला: "माझा नियम ओळखा." मुलाने संख्या सांगायची, दुसऱ्याने मनातला नियम लावून उत्तर द्यायचं, सगळं सारणीत लिहायचं, आणि नियम हेरायचा. या खेळात संख्या मुलं सांगतात आणि ती वेडीवाकडी सांगतात: ५, मग १००, मग शून्य. खाली उतरायला पायऱ्याच नसतात. आडवं बघण्यावाचून इलाज राहत नाही. १९९० च्या दशकात गणितशिक्षणाचे अभ्यासक जेरी कॉन्फ्रे आणि एरिक स्मिथ यांनी उलट बाजू मांडली: दोन रकाने बरोबरीने कसे बदलतात हे पाहणं हीसुद्धा फलन समजण्याची पक्की वाट आहे. वर्गात उभं राहणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून बळ येतं.

आपल्या पुस्तकांत फलन हा शब्द अकरावीपर्यंत येत नाही, वस्तू मात्र आधीपासून येते. बालभारती १९६७ पासून पुण्यातूनच पुस्तकं काढते. तिच्या सातवीच्या पुस्तकात सम आणि व्यस्त प्रमाण असतं, आठवीत 'चलन' (एका राशीबरोबर दुसरीचं बदलणं) आणि चलनाचा स्थिरांक, नववी-दहावीत दोन चलांच्या समीकरणांसाठी क्ष-य ची सारणी आणि आलेख. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेल्या एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकात बीजगणित काड्यांच्या आकृत्यांपासून सुरू झालं: एका आकाराला दोन काड्या, दोन आकारांना चार, मग 'न' आकारांना किती? मला ती सुरुवात आवडते. पण आपल्याकडे प्रमाणाचा अभ्यास इतका जोरकस होतो की मुलांना प्रत्येक सारणी प्रमाणातलीच वाटते, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

रिक्षाचंच घ्या. चांगली तयारी असलेली मुलं बेरजा सोडून त्रैराशिक लावतात: दीड किलोमीटरला २५, तर साडेचारला तिप्पट, ७५. सारणी म्हणते ७६. फरक फक्त रुपयाचा, म्हणून कोणाला चूक दिसत नाही. साडेसोळा किलोमीटर घेतले की त्रैराशिकाने २७५ येतात आणि खरे होतात २८०. हे मी मुलांकडूनच करून घेते. मग दोन रकान्यांच्या मध्ये तिसरा रकाना काढते आणि वर लिहिते, "सतरा किती वेळा?" १.५ समोर शून्य, २.५ समोर एक, ३.५ समोर दोन. खाली उतरताना मोजलेल्या पायऱ्या तिथे आडव्या येऊन बसतात. साडेएकवीस समोर वीस, आणि भाडं पंचवीस अधिक तीनशे चाळीस, म्हणजे तीनशे पासष्ट.

इलेक्ट्रॉनिक मीटर येण्याआधी पुण्याच्या रिक्षात टॅरिफ कार्ड असायचं. भाडेवाढ झाली तरी मीटर तेच जुने आकडे दाखवायचं. कार्डावर डावीकडे मीटरचा आकडा शोधायचा, उजवीकडचे रुपये द्यायचे. मळकं, चारही कोपरे दुमडलेलं ते कार्ड मुलांनी पाहिलेलं नाही, म्हणून मी ते फळ्यावर काढून दाखवते आणि उलटा प्रश्न विचारते. ५९ रुपये झाले, तर किती किलोमीटर? "साडेतीन." २५ रुपये झाले, तर? "दीड", सगळे एकदम. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, आमच्या घरापासून शाळा एकच किलोमीटर आहे. तरी पंचवीसच घेतात."