घातांक खाली का येतो?

विकलनाचा घात नियम पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. घातांक खाली आणून गुणायचा, वर एक कमी करून ठेवायचा. क्ष³ चा विकलज, म्हणजे क्ष बदलताना क्ष³ ज्या दराने बदलतो तो दर, ३क्ष²; क्ष⁷ चा ७क्ष⁶. पण घातांक खाली येतोच का, हे सांगायचं राहून जातं. खरं तर ते चौकटीच्या वहीवर दिसतं.

१० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. बाजू एक मिलिमीटर वाढवली की क्षेत्रफळ १०२.०१ होतं. हे वाढीव २.०१ कुठे बसलं? दोन कडांना लागून दोन पट्ट्या, प्रत्येकी १० × ०.१, म्हणजे १. उरलेला ०.०१ हा कोपऱ्यातला चिमुकला चौरस. एकूण वाढीला ०.१ ने भागलं की दर येतो २०.१. बाजू फक्त ०.०१ ने वाढवली, तर २०.०१. कोपरा झरझर विरतो, पट्ट्या टिकतात. पट्ट्या दोन, प्रत्येकीची लांबी क्ष. म्हणून क्ष² चा विकलज २क्ष. घनावर असेच तीन थर चढतात, प्रत्येक थर क्ष² एवढा, म्हणून ३क्ष². खाली आलेला घातांक म्हणजे या थरांची मोजदाद. आणि घनाचं तोंड हा चौरस, चौरसाची कड ही रेघ, म्हणून घातांक एकाने उतरतो.

आता ५क्ष³ − ४क्ष² + ७क्ष − ९ घ्या. प्रत्येक पद सुटं हाताळायचं, सहगुणक जागच्या जागी ठेवायचा. पहिल्या पदाचे १५क्ष², दुसऱ्याचे −८क्ष, तिसऱ्याचे ७. शेवटचा −९ बदलतच नाही, तेव्हा त्याचा विकलज शून्य. उत्तर १५क्ष² − ८क्ष + ७; क्ष = २ ठेवल्यास ५१. विश्वास नसेल तर कॅल्क्युलेटर काढा. मूळ फलाची किंमत २ ला २९ आणि २.००१ ला सुमारे २९.०५१०२६. फरकाला ०.००१ ने भागलं की ५१.०२६. परीक्षेत वेळ उरला तर हा ताळा जरूर करावा.

सगळ्यात जास्त गुण जातात ऋण घातांकात. १/क्ष³ म्हणजे क्ष⁻³. त्यातून एक वजा केला की −४ होतात, −२ नव्हे. तेव्हा उत्तर −३क्ष⁻⁴, म्हणजेच −३/क्ष⁴. वर्गमुळाचा घातांक १/२. नियम तोच, उत्तर १/(२√क्ष). शून्यापाशी मात्र हे चालत नाही, तिथे स्पर्शिका उभी होते. जर्मन गणितज्ञ लाइब्निट्झने १६८४ मध्ये आपली विकलनाची पद्धत छापली तेव्हा अपूर्णांक आणि मुळं तिच्या आड येत नाहीत, हे त्याने लेखाच्या शीर्षकातच मिरवलं होतं.

(३क्ष + १)² चा विकलज घाईत २(३क्ष + १) लिहिला जातो. कंस स्वतःही तिप्पट वेगाने वाढतो आहे, तो ३ गुणायचा राहिला. खरं उत्तर १८क्ष + ६. खात्री हवी तर कंस सोडवून बघा. क्ष² × क्ष³ मध्ये दोन विकलजांचा गुणाकार करू नये: आधी क्ष⁵, मग ५क्ष⁴. आणि २ चा क्ष वा घात दिसला की नियम बाजूला ठेवायचा. इथे चल वर जाऊन बसला आहे, आपला नियम चल खाली आणि घातांक स्थिर असतानाचा. पायचा वर्ग (π²) दिसला म्हणून दोन पाय (२π) लिहिणारेही असतात. पाय ही निव्वळ संख्या आहे, उत्तर शून्य.

उलट दिशेने चाललं तर एक गंमत दिसते. क्ष³ मधून क्ष² मिळतो, क्ष² मधून क्ष, क्ष⁻¹ मधून क्ष⁻². क्ष⁻¹ कशातून मिळावा? त्याच्या वरची पायरी क्ष⁰, पण ती म्हणजे १, आणि १ चा विकलज शून्य. कुठलाच घात १/क्ष देत नाही. ती रिकामी जागा भरतो लॉगॅरिथम.