खुलासा : युद्धावर जाण्यास नकार म्हणजे जागेवर गोळी नव्हे
सीमेवर तणाव वाढून रजेवरील जवानांना तातडीचे बोलावणे आले, की चाळीसगाव-पारोळ्याकडच्या पारांवर हमखास ऐकू येते, की जो जाणार नाही त्याला अधिकारी जागेवरच गोळी घालतो. कायद्याने असा अधिकार कोणालाही दिलेला नाही. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४१ नुसार वरिष्ठाचा कायदेशीर आदेश उद्दामपणे धुडकावणाऱ्यास कमाल १४ वर्षांचा कारावास होऊ शकतो. मृत्युदंडाची तरतूद कलम ३८ मध्ये आहे, पण ती युद्धसेवेत असताना किंवा तिचा हुकूम मिळाल्यावर पळून जाणाऱ्यासाठी, आणि तीही कमाल शिक्षा म्हणून. शिवाय जनरल कोर्ट मार्शल या लष्करी न्यायालयात किमान पाच अधिकारी बसतात, मृत्युदंडासाठी त्यांपैकी दोन तृतीयांशांची सहमती लागते आणि केंद्र सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने पुष्टी केल्याशिवाय निकाल वैध ठरत नाही. रजा संपल्यावर दोन दिवस उशिरा भुसावळला गाडी पकडणाऱ्याचा अपराध तर निराळाच. ती विनारजा गैरहजेरी, कमाल शिक्षा ३ वर्षे. गोळीचा उल्लेख येतो तो कलम १६६ मध्ये, मृत्युदंड फाशीने द्यावा की गोळी घालून, हे न्यायालयाने ठरवावे म्हणून. पारावरच्या गोष्टीला बहुधा तिथूनच पाय फुटले असावेत.