शिराझ की कॅबरने? भांडण नंतरचं, आधी दोघं एकाच पिंपात होती

फुल बॉडीड, म्हणजे तोंडात जाड, भरदार लागणारी रेड वाईन म्हटलं की आपल्याकडे दोन नावं हमखास येतात, शिराझ आणि कॅबरने सॉव्हिन्यॉन, आणि मग लगेच प्रश्न येतो की दोघांत भारी कुठली. मला विचाराल तर जुना इतिहास बघितल्याशिवाय या तुलनेत मजाच नाही, कारण ही दोन द्राक्षं कितीतरी वर्षं एकमेकांची उणीव भरून काढायलाच वापरली जात होती.

आधी जन्मकथा. कॅबरने सॉव्हिन्यॉन हे फ्रान्सच्या बोर्दो भागातलं, आणि ते कुणी ठरवून तयार केलेलं नाही, कॅबरने फ्रां हे काळं द्राक्ष आणि सॉव्हिन्यॉन ब्लां हे पांढरं द्राक्ष यांचा मळ्यात आपोआप झालेला संकर आहे तो. हे 1997 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीत कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनए तपासून दाखवलं. पुढच्याच वर्षी शिराझचेही आईबाप सापडले, माँद्यूझ ब्लांश आणि द्युरेझा, परत एक पांढरं आणि एक काळं! दोन्ही जाती फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या, त्यामुळे इराणच्या शिराझ शहरातून धर्मयुद्धावरून परतलेल्या सरदाराने वेल आणला ही जी सुंदर कथा सांगितली जाते ती तिथेच संपली. फ्रान्समध्ये या द्राक्षाला सिरा म्हणतात आणि त्याचं मानाचं ठिकाण म्हणजे ऱ्होन नदीकाठची हर्मिटेजची टेकडी.

आता खरी गोष्ट. बोर्दो अटलांटिकच्या बाजूला, पाऊस भरपूर, थंडावा जास्त, आणि कॅबरने पिकायला उशीर लावणारं. वर्ष वाईट गेलं की माल अर्धवट पिकायचा आणि वाईन पातळ, हिरवट, तुरट व्हायची. मग व्यापाऱ्यांनी काय करावं, तर हर्मिटेजची गडद, जाड, गरम सिरा मागवून बोर्दोच्या वाईनमध्ये मिसळायची. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्यात बराच काळ हे सर्रास चालायचं, आणि यात कुणाला फसवणूक वाटत नव्हती बरं का, इंग्लंडचं गिऱ्हाईक तीच वाईन आवडीने घ्यायचं. शातो लाफीत म्हणजे बोर्दोतलं सगळ्यात मोठं नाव, त्याच्या 1795 च्या वाईनमध्ये हर्मिटेज घातली होती आणि त्या वर्षीची तीच सगळ्यांना जास्त पसंत पडली, असं त्या काळच्या व्यापारी पत्रव्यवहारात नोंदलेलं आहे.

पुढे वेलाच्या मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, नकली वाईनचा सुळसुळाट झाला, आणि 1935-36 पासून अपेलासियोंचे, म्हणजे वाईनवर गावा-भागाचं नाव कधी लावायचं ते ठरवणारे कायदे आले. बोर्दो लिहायचं तर द्राक्ष बोर्दोतलंच हवं. कायदा गरजेचा होताच, पण त्याने ही जोडी फ्रान्समध्ये अधिकृतपणे तुटली. आता बोर्दोतल्याच शातो पामेरने 2004 पासून जुन्या पद्धतीची सिरा मिसळलेली वाईन काही वर्षी काढली, पण तिच्यावर बोर्दो लिहिता येत नाही, साध्या टेबल वाईनच्या वर्गात विकावी लागते. मला हे खरंच वाईट वाटतं.

जोडी टिकली ती ऑस्ट्रेलियात. जेम्स बस्बीने 1831 मध्ये युरोपात फिरून वेलांच्या काड्या गोळा केल्या आणि सिडनीला पाठवल्या, त्यात सिरा होती. साउथ ऑस्ट्रेलियात फिलॉक्सेरा कधी पोचलीच नाही म्हणून बरोसा व्हॅलीत 1843 ला लावलेले शिराझचे वेल आजही स्वतःच्या मुळांवर उभे आहेत आणि फळ देताहेत. आपल्याकडे द्राक्ष म्हटलं की आधी डॉगरिज जातीचा रूटस्टॉक, म्हणजे फक्त मुळांसाठीचा वेल लावायचा आणि मग त्यावर कलम, त्यामुळे ज्यांनी बाग केलीय त्यांना हे किती मोठं आहे ते लगेच कळेल.

पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीचा वाईनमेकर मॅक्स शूबर्ट 1950 मध्ये युरोपात गेला होता, बोर्दोत त्याने चाळीस-पन्नास वर्षं जुन्या वाईन चाखल्या आणि तशी टिकणारी वाईन घरी करायची असं डोक्यात घेऊन आला, पण घरी कॅबरने पुरेसं नव्हतंच, मग त्याने शिराझ घेतलं आणि 1951 ला ग्रेंज या वाईनचा पहिला प्रयोग केला. लोकांना आवडली नाही. 1957 मध्ये कंपनीने बंद कर म्हणून सांगितलं तर हा माणूस तीन वर्षं गुपचूप करत राहिला, आणि तोवर आधीच्या बाटल्या मुरून अशा काही झाल्या की 1960 ला कंपनीनेच परत सुरू करायला सांगितलं. आजही ग्रेंज मुख्यतः शिराझ, पण बऱ्याच वर्षी त्यात थोडं कॅबरने असतं. आणि पेनफोल्ड्सचीच 1962 ची बिन 60ए ही वाईन, साउथ ऑस्ट्रेलियातल्याच कूनावाराचं कॅबरने आणि बरोसाचं शिराझ, ऑस्ट्रेलियाच्या सर्वोत्तम वाईनमध्ये तिचं नाव अजून घेतात.

मिसळायची गरज का पडते ते चवीत कळतं. कॅबरनेचा मणी एवढासा, साल जाड, बी मोठं, गर कमी, म्हणून टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा भरपूर आणि वाईन वर्षानुवर्षं टिकते, पण सुरुवात जोरात, शेवट लांब आणि मधे पोकळ असं होतं. शिराझ नेमकं मधलं भरतं. वासातही फरक, कॅबरने नीट पिकलं नाही तर ढोबळी मिरचीसारखा वास मारतं, पायराझिन नावाच्या संयुगामुळे, आणि शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो तो रोटंडोनचा. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं की आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीतही वास देणारं तेच संयुग आहे, म्हणजे नाकाला भास होत नाही, वास खराच मिरीचा आहे.

नाशिकला या दोघांपैकी आधी शिराझ पिकतं, कॅबरने मागून. ऑक्टोबरच्या आसपास गोडी, म्हणजे फळासाठीची छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी, आणि उन्हाळा चढायच्या आत माल निघाला पाहिजे, म्हणून उशिरा येणाऱ्या कॅबरनेला इथे धावपळ जास्त. माझ्या मते तरी आपल्या हवेला शिराझ जास्त सोपं पडतं. सुलाची शिराझ कॅबरने आणि नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, दोन्हीत हीच जुनी जोडी आहे.

ऑस्ट्रेलियन बाटलीवर ज्या द्राक्षाचं नाव आधी त्याचं प्रमाण जास्त असतं. तुलना करायचीच असेल तर एक शिराझ-कॅबरने आणि एक कॅबरने-शिराझ घ्या, शेजारी-शेजारी ठेवून प्या, आणि घोट तोंडात असताना मधल्या भागाकडे लक्ष द्या.