जास्त जीबी म्हणजे वेगवान कार्ड? हा समज सोडा

इंदूरच्या जेल रोडवर जुन्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड मागितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती जीबीचं?" ४ जीबीचं कार्ड २ जीबीच्या दुप्पट पळतं, असं आपल्याकडे कित्येक वर्षं सगळे धरून चाललेत. हे खरं नाही.

जीबी म्हणजे नुसती साठवायची जागा. वेग ठरतो चिपवर आणि मेमरीच्या प्रकारावर. एनव्हिडिया कंपनीचं जीटी १०३० हे कार्ड बघा. दोन प्रकार, दोन्ही २ जीबीचेच. पण जीडीडीआर५ या वेगवान मेमरीचं कार्ड सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवतं, तर नंतर, २०१८ मध्ये आलेलं डीडीआर४ या संथ मेमरीचं जेमतेम १६.८! नाव तेच, गेममध्ये फरक मात्र लगेच जाणवतो.

रामबागेत आमच्या शेजारच्या मुलानं खाऊचे पैसे साठवून ४ जीबीचं, पण डीडीआर३ या संथ मेमरीचं कार्ड आणलं. गेम अडखळतच राहिला. त्याचा उतरलेला चेहरा बघवेना. म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी खोकं उलटं करा आणि मेमरीच्या प्रकाराची बारीक ओळ वाचा.

नवं कार्ड घेतलं की एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बदलावाच लागतो, हेही दरवेळी खरं नसतं. जीडीडीआर५ वालं जीटी १०३० सुमारे ३० वॉट घेतं, तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेतूनच मिळते. कॅबिनेट बुटकं असेल तर कार्ड कॅबिनेटला अडकवायची छोटी पट्टी सोबत आहे का, तेवढं विचारा.